एडब्ल्यूडी (ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा) ओव्हरहीट झाली असा मेसेज आला तर नक्की काय होतंय आणि काय करायचं, सगळं सविस्तर

गेल्या गणपतीत लांज्याच्या आतल्या बाजूला मामाच्या घरी जाताना शेवटच्या चढावर आमची गाडी रुतली. तांबडी माती, वर पावसाचं पाणी वाहतंय, कडेच्या जांभ्यावर शेवाळ, गाडीत आम्ही ५ जण आणि डिकीत मखराचं सामान. मी रेस देत राहिलो, चाकं फिरत राहिली, आणि मिनिट-दीड मिनिटात मीटरवर मेसेज आला की एडब्ल्यूडी गरम झाली आहे, गाडी टू व्हील ड्राइव्हवर जातेय. मामा खाली धावत आला आणि म्हणाला, "अरे बंद कर आधी गाडी, पेटेल नाहीतर!" मी घाबरून बंद केली. ५ मिनिटांनी चालू केली तर मेसेज गेलेला, मला वाटलं झालं काम, परत रेस दिली आणि अर्ध्या मिनिटात मेसेज परत हजर, आणि या वेळी पुढची दोन चाकं आधीपेक्षा वीतभर खोल गेलेली.

त्या दिवशी जे जे चुकलं ते सगळं नंतर मॅन्युअल वाचून, मेकॅनिककडे गाडीखाली बसून, समजून घेतलं. आपल्याकडे आता ग्रँड व्हिटारा, हायरायडर, एक्सयूव्ही ७००, कंपास, कोडियाक अशा एडब्ल्यूडी गाड्या बऱ्याच लोकांकडे आहेत, जुन्या डस्टर एडब्ल्यूडी पण अजून जोरात फिरतायत, आणि हा मेसेज आला की बहुतेक जण एकतर घाबरून टोचन शोधतात नाहीतर आणखी रेस देतात. दोन्ही चूक.

आधी बघा तुमच्या गाडीत नक्की काय आहे

थार, जिम्नी यांचा फोर बाय फोर वेगळा. तिथे ट्रान्सफर केसचा (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या डब्याचा) दांडा ओढला की पुढचा आणि मागचा शाफ्ट थेट एकमेकांना पक्के जोडले जातात, मध्ये घसरायला काही नाहीच. त्यामुळे हा मेसेज तिथे यायचा प्रश्न नाही, तिथलं दुखणं वेगळं, म्हणजे कोरड्या डांबरावर फोर हायमध्ये (चारही चाकं जोडलेली असताना) वळलं की सगळी यंत्रणा पिळवटते.

वर सांगितलेल्या मोनोकॉक (वेगळी चासी नसलेल्या) एसयूव्हींमध्ये गाडी मुळात पुढच्या चाकांवर चालते. गिअरबॉक्सपाशी एक छोटा डबा असतो, त्यातून ताकद नेणारा लांब प्रोपेलर शाफ्ट मागे जातो, आणि मागच्या डिफरन्शियलच्या (डाव्या-उजव्या चाकात ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याच्या) तोंडाशी एक कपलिंग असतं. या कपलिंगमध्ये तेलात बुडालेल्या बऱ्याच पातळ क्लच प्लेट असतात, बाइकच्या ओल्या क्लचसारख्याच. कॉम्प्युटरने प्लेट दाबल्या की मागच्या चाकांना ताकद जाते, सोडल्या की जात नाही. काही गाड्यांत दाबायचं काम इलेक्ट्रोमॅग्नेट करतो, काहींत छोटा पंप तेलाच्या प्रेशरने करतो (कोडियाकसारख्या फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्यांतलं हॅल्डेक्स हे दुसऱ्या प्रकारातलं). गरम होतो तो मुख्यतः हाच क्लच.

उष्णता येते कुठून

हाफ क्लच. बस्स, एवढंच लक्षात ठेवा. ड्रायव्हिंग शिकताना चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली की जळका वास येतो ना, इथे तेच, फक्त क्लच गाडीच्या मागच्या बाजूला आणि पाय कॉम्प्युटरचा. प्लेट पूर्ण सुटलेल्या असतील तर घर्षण जवळपास नाही. पूर्ण घट्ट दाबलेल्या असतील आणि घसरत नसतील तरी घर्षण नाही, कारण दोन्ही बाजू एकत्र फिरतायत. गरम होतं ते मधल्या अवस्थेत, प्लेट दाबलेल्या आहेत पण एकमेकींवरून घसरतायत तेव्हा.

किती गरम? ढोबळ हिशोब करू. समजा कपलिंग ४०० न्यूटन मीटर ताकद मागे पाठवतंय आणि पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये मिनिटाला १०० फेऱ्यांचा फरक आहे. ४०० गुणिले १०.५ रेडियन पर सेकंद म्हणजे ४.२ किलोवॅट. घरात २ किलोवॅटचा गीझर असतो, तसे २ गीझर एका हातात मावेल एवढ्या डब्यात चालू. त्या डब्यात धरून चाला ५ किलो लोखंड आणि अर्धा लिटर तेल, म्हणजे तापमान सेकंदाला साधारण १ डिग्री वाढणार. ६० डिग्रीपासून दीडशेला पोचायला दीड मिनिट पुरे. आणि चिखलात फरक १०० फेऱ्यांवर थांबत नाही, पुढची चाकं गरागरा फिरतायत आणि मागची जागेवर रुतलेली असली तर फरक ४००-५०० फेऱ्यांचा होतो, मग हेच दीड मिनिट १५-२० सेकंदांवर येतं. वर गाडी जागेवर उभी, खालून वारा नाही, आणि चिखलाचा थर डब्याला गोधडीसारखा लपेटलेला. माझी गाडी मिनिट-दीड मिनिट टिकली हेच खूप झालं.

यंत्रणा स्वतःला कशी वाचवते

जुन्या काळी व्हिस्कस कपलिंग असायचं, १९८६ च्या गोल्फ सिंक्रोमध्ये होतं तसं. बंद डब्यात भोकं पाडलेल्या प्लेट आणि दाट सिलिकॉन तेल, आणि थोडी हवा. घसरण जास्त वेळ चालली की तेल तापून फुगतं, हवेची जागा संपते, आतलं प्रेशर एकदम वाढतं आणि प्लेट एकमेकींना चिकटून कपलिंग जवळपास लॉक होतं. लॉक झालं की घसरण बंद, घसरण बंद की उष्णता बंद. कुठला सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही, फक्त तेल फुगतंय, आणि त्यानेच डबा स्वतःला वाचवतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ज्याला कुणाला हे सुचलं त्याला मनापासून हात जोडले.

होंडाच्या जुन्या सीआर-व्हीमध्ये बरोबर उलटा मार्ग. तिथे मागच्या डिफरन्शियलमध्ये दोन पंप, चाकांच्या वेगात फरक पडला की प्रेशर तयार होऊन क्लच दाबला जायचा. तेल फार तापलं की आतला एक थर्मल स्विच रिलीफ व्हॉल्व्ह उघडायचा, प्रेशर जायचं आणि क्लच सुटायचा. म्हणजे एकाने घट्ट धरून जीव वाचवला, दुसऱ्याने सोडून देऊन.

आजच्या गाड्यांत कॉम्प्युटर हे दोन्ही करतो, पायरीपायरीने.

पहिली पायरी, तो सतत हिशोब ठेवतो. चारही चाकांचे एबीएस सेन्सर वेग सांगतात, प्लेट किती दाबल्यात ते त्याला माहीतच असतं, दोन्हींचा गुणाकार म्हणजे आत जाणारी उष्णता, त्यातून बाहेर जाणारी वजा. काही कपलिंगमध्ये तेलात तापमानाचा सेन्सर असतो, काहींत सगळं नुसत्या हिशोबावर. सेन्सर असला तरी हिशोब लागतोच, कारण प्लेटचा पृष्ठभाग तापतो आधी आणि तेलाला कळतं नंतर.

दुसरी, घसरण कमी करायचा प्रयत्न. इंजिनची ताकद कमी करायची, फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावायचा, किंवा प्लेट आणखी घट्ट दाबून घसरण संपवायची. तुम्ही रेस देताय आणि गाडी आवाजच करत नाहीये असं वाटतं ते याचमुळे, पेडल बिघडलेलं नसतं.

तिसरी, तरीही तापमान वर जात असेल तर मागे जाणारी ताकद हळूहळू कमी करायची. मेसेज कदाचित अजून आलेला नसतो पण गाडी आधीसारखी ओढत नाही. हा इशारा ओळखायला शिका, इथेच थांबलात तर पुढचं सगळं टळतं.

चौथी, क्लच पूर्ण सोडून गाडी टू व्हील ड्राइव्हवर आणायची आणि मीटरवर सांगायचं. मग तापमान बरंच खाली आल्याशिवाय परत जोडायचं नाही, नाहीतर सारखं जोड-तोड चालू राहील.

ब्रेकचंही असंच असतं बरं का. फिरणाऱ्या चाकाला ट्रॅक्शन कंट्रोल सारखा ब्रेक लावत असतो, त्याच्या डिस्कच्या तापमानाचाही अंदाज ठेवला जातो आणि फार तापली की ती मदत थोडा वेळ बंद होते. त्यामुळे कधीकधी एडब्ल्यूडीचा मेसेज नसतानाही गाडी अचानक हतबल झाल्यासारखी वाटते. आणि दोन मोटर असलेल्या इलेक्ट्रिक गाडीत मधला क्लचच नाही, तिथे मोटर आणि इन्व्हर्टर तापले की ताकद कमी केली जाते.

मेसेज आला, आता काय करायचं

१. अ‍ॅक्सिलरेटर सोडा. लगेच. "एवढा एक झटका देऊन बघू" हा विचार मनात येतोच, मलाही आला होता, पण आता फक्त पुढची दोन चाकं फिरणार आणि खड्डा खोल करणार.

२. गाडी चालत असेल, म्हणजे घाटात वगैरे मेसेज आला असेल, तर रेस कमी करून हळू चालवत राहा, खालून वारा लागून कपलिंग थंड होतं. रुतली असेल किंवा रस्ता धोक्याचा असेल तर सुरक्षित जागी उभी करा, न्यूट्रल किंवा पार्क, हँडब्रेक, पार्किंग लाइट (चारही इंडिकेटर).

३. इंजिन चालू ठेवा. मामा म्हणाला तसं बंद करू नका. टोयोटा, होंडा, निसान तिघांच्या मॅन्युअलमध्ये हेच लिहिलंय, गाडी थांबवा आणि इंजिन आयडलवर ठेवा. फायदा सरळ आहे, रेडिएटरचा फॅन आणि गिअरबॉक्सचं तेल फिरत राहतं, आणि मेसेज खरोखर कधी गेला ते तुम्हाला दिसतं. बंद करून चालू केलं की काही गाड्यांत स्क्रीनवरून मेसेज जातो, लोखंड मात्र तेवढंच गरम असतं. माझं तेच झालं. अपवाद एकच, धूर दिसला, तेल गळताना दिसलं किंवा इंजिनच्या तापमानाचा दिवा लागला तर गाडी बंद करून सगळ्यांना खाली उतरवा. आणि सायलेन्सर चिखलात बुडाला असेल तर आधी तो मोकळा करा, तसंच इंजिन चालू ठेवून काचा लावून आत बसू नका.

४. खाली उतरून नाक वापरा. मॅन्युअल गाडीत जळक्या कागदासारखा वास पुढून येत असेल तर तो तुमचा नेहमीचा क्लच, एडब्ल्यूडीचा नाही. ड्युअल क्लच किंवा सीव्हीटी अशा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाडीत ट्रान्समिशन ओव्हरहीट असा वेगळा मेसेज असतो, नीट वाचा, कारण गिअरबॉक्स तापला असेल तर हळू चालवत राहा हा सल्ला लागू नाही, थांबायचंच.

५. मेसेज गेल्यावर लगेच झुंबड नको. मला त्या दिवशी २० मिनिटं लागली मेसेज जायला, आणखी १० मिनिटं मी मुद्दाम थांबलो. मेसेज जातो तेव्हा कपलिंग थंड झालेलं नसतं, फक्त परत जोडण्याइतपत खाली आलेलं असतं.

६. थांबलेला वेळ वाया घालवू नका, पुढच्या प्रयत्नाची तयारी करा. हा भाग सगळ्यात महत्त्वाचा.

न तापवता गाडी बाहेर काढायची कशी

मामाने तोवर शेजारच्या पोरांना हाक मारली होती. एकाने फावडं आणलं, एकाने सुक्या झावळ्या, मामीने दोन रिकामी गोणपाटं दिली. आम्ही आधी चाकांच्या पुढची माती ओढून उतार केला, नुसता खड्डा नाही, चाकाला चढायला घसरगुंडीसारखा उतार. मग जांभ्याचे चपटे तुकडे, त्यावर झावळ्या, त्यावर गोणपाट अर्धं चाकाखाली सारून. फक्त पुढच्या नाही, चारही चाकांपुढे, कारण मागची चाकं अडकून राहिली की घसरण परत कपलिंगमध्येच होणार. चौघं उतरले, मखराचं सामान उतरवलं.

लॉक मोड उभ्या गाडीतच लावला. लॉक का, तर एडब्ल्यूडीच्या ऑटो मोडमध्ये आधी पुढचं चाक घसरतं आणि मग मागे ताकद जाते, लॉकमध्ये प्लेट सुरुवातीपासून दाबलेल्या असतात म्हणून घसरण कमी आणि उष्णताही कमी. लोकांना वाटतं लॉक लावला की गाडीवर ताण येतो, चिखलात उलट आहे. स्नो मोड असेल तर निसरड्या ओल्या रस्त्याला तो चांगला, रुतलेल्या गाडीला लॉक.

स्टिअरिंग सरळ. सेकंड गिअर, म्हणजे चाकाला झटका कमी बसतो, फक्त उठताना क्लचवर रेंगाळू नका. रेस अगदी मऊ, आणि चाक जागेवर फिरायला लागलं की २-३ सेकंदांत पाय काढायचा. नाही निघाली तर थोडं मागे, परत पुढे, आणि दोन-तीन प्रयत्नांनंतर स्वतःहून २-३ मिनिटं विश्रांती, मेसेजची वाट न बघता. आमची दुसऱ्या प्रयत्नात निघाली, रेस १५०० च्या वर गेलीच नाही. आधीच्या प्रयत्नात मी ४००० पर्यंत नेत होतो.

वाळूत असेल तर टायरची हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवा, चारही चाकांची सारखी, आणि बाहेर आल्यावर पंपाने परत भरा. बाकी आपल्याकडच्या बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी नेण्यावर बंदी आहे, ती पाळा.

टायर, ज्याकडे कुणी बघत नाही

चिखल नाही, वाळू नाही, सरळ डांबरी रस्ता आणि तरी हा मेसेज येतोय? पहिला संशय टायरवर घ्या. दोन नवे टायर पुढे टाकले आणि मागचे जुनेच ठेवले ही आपली सवय एडब्ल्यूडीला फार महाग पडते.

२१५/६० आर१७ टायर घ्या, नवा असताना व्यास साधारण ६९० मिलिमीटर. नव्याची नक्षी ८ मिलिमीटर खोल आणि जुन्याची ३ राहिली असेल तर व्यासात १० मिलिमीटरचा फरक, म्हणजे जवळपास दीड टक्का. ताशी ८० ला चाक मिनिटाला ६१५ फेऱ्या मारतं, दीड टक्का म्हणजे ९ फेऱ्यांचा फरक, आणि डिफरन्शियलच्या अलीकडे शाफ्टवर तो अडीचपट होऊन २२ फेऱ्या. ऑटोमध्ये प्लेट थोड्याशा दाबलेल्या, समजा ५० न्यूटन मीटर, तर सव्वाशे वॅटच्या आत उष्णता. आकडा लहान वाटेल, पण जुना पिवळा १०० वॅटचा बल्ब त्या डब्यात मुंबई-पुणे एक्सप्रेसवेचे ९४.५ किलोमीटर सलग चालू ठेवल्यासारखं आहे, रोज, महिनोनमहिने. गाडीच्या मते चाकं कायमच घसरतायत.

म्हणून चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, नक्षी जवळपास सारखी, आणि दर ८-१० हजार किलोमीटरला रोटेशन (टायरच्या जागांची अदलाबदल). एकच टायर फाटला तर काय हा प्रश्न अवघड आहे, बाकीचे ३ नवेसे असतील तर एक चालतो, अर्धे झिजले असतील तर चारही बदलायचा खर्च कपलिंगपेक्षा कमीच. लहान साइजची स्टेपनी लावली असेल तर लॉक अजिबात नको आणि फक्त पंक्चरवाल्यापर्यंतच जा. हवासुद्धा चारही चाकांत मॅन्युअलप्रमाणेच.

जुन्या निसान एक्स-ट्रेलमध्ये यासाठी छान सोय आहे, फोर व्हील ड्राइव्हचा दिवा भराभर लुकलुकला तर तेल तापलंय, हळूहळू लुकलुकला तर टायरच्या साइजमध्ये फरक आहे. अमेरिकेत सुबारू चालवणाऱ्या आपल्या लोकांनीही लक्षात ठेवा, त्यातला एडब्ल्यूडीचा दिवा वेगवेगळ्या व्यासाच्या टायरवर किंवा एखाद्यात हवा फार कमी असली तरी लुकलुकतो.

मेसेज जातच नसेल तर

तासभर थांबूनही गेला नाही, किंवा सोबत एबीएस आणि ईएसपीचे (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचे) दिवेही लागले, तर हे तापण्याचं प्रकरण नसण्याची शक्यता जास्त. एखाद्या चाकाचा स्पीड सेन्सर चिखलाने माखला किंवा वायर तुटली की कॉम्प्युटरला हिशोबच करता येत नाही, मग तो सावधगिरी म्हणून एडब्ल्यूडी बंद ठेवतो. चाकाच्या आतल्या बाजूचा चिखल धुऊन बघा, नाहीतर स्कॅनर लावणाऱ्याकडे जा. टू व्हील ड्राइव्हवर गाडी डांबरावर आरामात घरी येते.

टोचन करायची वेळ आलीच तर दोन चाकं उचलून दोन रस्त्यावर घासत नेऊ देऊ नका, गाडी फ्लॅटबेडवरच चढवा. पुढची चाकं हवेत आणि मागची फिरतायत म्हणजे कपलिंगच्या एका बाजूला सतत फेऱ्या, हेच सगळं परत.

घरी आल्यावर

खालून पाण्याने धुऊन कपलिंग आणि डिफरन्शियलभोवतीचा चिखल काढा, सुकला की तो वारा लागू देत नाही. गाडी एकदा जोरात तापली असेल तर तेल ठरलेल्या वेळेच्या आधी बघून घ्या. काही गाड्यांत कपलिंगचं तेल डिफरन्शियलच्या तेलापेक्षा वेगळं असतं, वेगळा बोल्ट, वेगळा ग्रेड, आणि सर्व्हिसमध्ये एक बदलून दुसरं विसरलं जातं, म्हणून बिलावर दोन्ही लिहिलेली दिसतायत का ते बघा. पंपवाल्या कपलिंगमध्ये क्लचचा बारीक चुरा पंपाच्या जाळीत अडकतो, तेल बदलताना जाळीही साफ करायला सांगा. जुनं तेल काळं आणि जळकट वासाचं निघालं तर थोड्या दिवसांनी परत एकदा बदला.

आणि एक गोष्ट जी मला मेकॅनिकने सांगेपर्यंत माहीत नव्हती. तापलेली गाडी लगेच ओढ्यात घालू नका. डिफरन्शियलला हवा घ्यायला वर एक छोटी नळी किंवा टोपी असते. आतली गरम हवा थंड पाण्यात एकदम आकसली की डिफरन्शियल बाहेरून हवा ओढून घेतं, आणि तेव्हा ती नळी पाण्याखाली असेल किंवा सील जुनं असेल तर हवेऐवजी पाणी आत जातं. नंतर तेल काढलं की ते दुधाळ चहासारखं दिसतं. मामाच्या घराकडे वळताना चढाच्या वर लगेच असाच एक ओढा आहे, गुडघाभर पाणी. त्या दिवशी तो ओलांडायच्या आधी आम्ही १५ मिनिटं काठावर थांबलो, ते खरं तर मखर परत बांधून घ्यायला, पण परवा तेल काढलं तेव्हा ते स्वच्छ निघालं.